बाल्कनीच्या स्लायडिंगची काच टफन (भट्टीत मजबूत केलेली) आहे की साधी, कसं ओळखायचं?

कोथरूडची_आजी:
नमस्कार मंडळी. मुलाने दिवाळीत रीसेलचा फ्लॅट घेतला. चौथा मजला, २००८ची बिल्डिंग. हॉल आणि बाल्कनीच्या मध्ये दोन पल्ल्यांचं स्लायडिंग, खालपासून वरपर्यंत नुसती काच. नातू सव्वा वर्षाचा. स्टीलची वाटी घेऊन त्या काचेवर ठोकायची आणि बाहेरच्या कबुतरांना हाका मारायच्या, हा त्याचा सध्याचा उद्योग. माझा जीव खालीवर. आधीचे मालक म्हणतात, "सगळी टफन आहे काकू, बिनधास्त राहा." काचेच्या दुकानदाराने मोबाइलवर फोटो बघितला आणि म्हणाला, साधी पाच एमएम. फोटोवरून कळतं का असं? पल्ला न काढता घरच्या घरी ओळखायची काही युक्ती आहे का? काचेवर एका कंपनीचं स्टिकर आहे, अर्धं खरवडलेलं.

रिकामटेकडा_७१:
सोपं आहे. कोपऱ्यात खिळ्याने ओरखडा काढून बघा. टफन असेल तर उठणार नाही.

भोसरीचा_चौकटवाला:
काकू, वरचं कृपया करू नका. ओरखडा टफनवरही उठतो. टफन म्हणजे तीच साधी काच, भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम गार केलेली. वरचा थर आवळला जातो, त्यामुळे ताकद चौपट-पाचपट होते. टणकपणा मात्र तोच राहतो. खिळ्याने एवढंच कळेल की काच तुमची होती आणि आता तिच्यावर चरा आहे.

एकोणीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करतोय, मीसुद्धा फोटोवरून सांगणार नाही. स्टिकर विसरा. ते काच बनवणाऱ्या कंपनीचं असतं, आणि त्याच कंपनीची काच साधीही लागते, टफनही. शोधायचा तो कोपऱ्यातला शिक्का. नखाएवढा, पांढुरका, काचेतच भाजलेला. ब्लेडने घासला तरी जात नाही. त्यात बहुतेक वेळा आयएस २५५३ हा सेफ्टी काचेच्या भारतीय मानकाचा आकडा असतो. चारही कोपरे ओल्या फडक्याने पुसा आणि मोबाइलची बॅटरी तिरकी मारून बघा. बाहेरच्या बाजूने लावला असेल तर अक्षरं उलटी दिसतील. कधी तो रबराखाली दबलेला असतो, आणि स्वस्तातल्या कामात टफन करूनही शिक्का मारत नाहीत. म्हणून शिक्का नाही म्हणजे साधीच, असंही नाही.

मग दुसरी परीक्षा. घरात कुणाकडे पोलराइज्ड (चकाकी अडवणारा) गॉगल आहे का? रात्री लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा आणि कुणाला तरी तो बाल्कनीतून काचेला टेकवून तिरका धरायला सांगा, पतंगासारखा. तुम्ही आतून गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका जागी स्क्रीन काळी पडेल. साधी काच असेल तर काळी ती काळीच. टफन असेल तर त्या काळ्यात ढगाळ चट्टे नाहीतर पट्टे उजळतात, काठाला जास्त. गाडीच्या मागच्या काचेवर गॉगलमधून जे ठिपके दिसतात ना, तेच हे. आधी गाडीवर बघून घ्या म्हणजे नजर बसेल.

आवाजाचं म्हणाल तर साधी आणि टफन यात कानाला फरक कळत नाही. लॅमिनेटेड मात्र दबका वाजते, कारण दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. आणि पल्ला स्वतः उचलून काढायला जाऊ नका. तीन बाय सात फुटांच्या पाच एमएमला नुसत्या काचेचं वजन २४ किलोच्या आसपास भरतं.

एडिसनकर:
आमच्याकडे न्यू जर्सीत पॅटिओच्या दारांना कोपऱ्यात शिक्का असतोच, त्यावर १६ सीएफआर १२०१ लिहिलेलं. दारांच्या सेफ्टी काचेचा हा अमेरिकी सरकारी नियम १९७७ सालचा. जुन्या घरांत मात्र त्याच्या आधीची दारंही सापडतात. आमची काच दुहेरी आहे, तिची गंमत सांगतो: रात्री काचेसमोर काडी पेटवली की दोन-दोनच्या जोडीत चार ज्योती दिसतात. त्यातली एक वेगळ्या रंगाची दिसली तर काचेवर उष्णता अडवणारा लो-ई थर आहे.

कोथरूडची_आजी:
सर्वांचे आभार. चौकटवाले भाऊ, तुमचं गाडीवालं लगेच पटलं, पार्किंगमध्येच बघून आले. रात्री सूनबाई लॅपटॉप घेऊन बाल्कनीत आणि मी हॉलमध्ये मुलाचा गॉगल हातात धरून. समोरच्या बिल्डिंगमधलं एक पोरगं कठड्याला टेकून बघत होतं, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.
निकाल असा. डाव्या पल्ल्यावर चट्टे दिसले, अगदी चितळाच्या अंगावर असतात तसे. शिक्काही सापडला, खालच्या कोपऱ्यात पेंटच्या शिंतोड्याखाली. उजव्या पल्ल्यावर काहीच नाही, मिट्ट काळोख. आणि नातू नेमका तिथेच वाटी वाजवतो! मालकांना फोन केला तर म्हणाले, "हां, एक काच मध्ये फुटली होती, मग बदलून घेतली." हे आधी सांगायला काय झालं होतं?
आता त्या पल्ल्यालाच टफन काच कापून बसवता येईल का, की मापाची वेगळी मागवावी लागते?

भोसरीचा_चौकटवाला:
टफन झाल्यावर कापता येत नाही काकू, हिरा लावला की सगळ्या काचेचा चुरा. आधी माप, मग कापणी, कडा घासणं, लॉकसाठी भोक असेल तर तेही, आणि शेवटी भट्टी. म्हणून माप तीन ठिकाणी घ्यायला लावा: वर, मध्ये, खाली. जुन्या चौकटी क्वचितच सरळ असतात. पैसे देण्याआधी काचेवरचा शिक्का स्वतः बघा. नवी येईपर्यंत आतून सेफ्टी फिल्म लावून घ्या. काच फुटलीच तरी तुकडे बरेचसे फिल्मला धरून राहतात.

कोथरूडची_आजी:
फिल्मवाला शनिवारी येतोय. तोवर उजव्या पल्ल्यासमोर दिवाण आडवा लावलाय आणि वाटी माळ्यावर. आता तो रिमोटने ठोकतो, पण डाव्या बाजूला.