बारा इंची सबवूफर घेऊ का? बाबांना घुमतं आणि मला ऐकूच येत नाही

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. दोन महिने एकाच गोष्टीत अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉल १७ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. विटांच्या भिंती, खाली टाइल्स. सिस्टीम ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) : डेननचा ए.व्ही.आर. (सगळ्यांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर), पुढे दोन बुकशेल्फ आणि सेंटर, मागे दोन छोटे स्पीकर आणि १० इंची पोर्टेड सबवूफर (फक्त खर्जासाठीचा स्पीकर, डब्याला भोक म्हणजे पोर्ट असलेला). सब टीव्हीच्या भिंतीला डाव्या कोपऱ्यात ठेवलाय, कारण प्लग पॉइंट तिथे आहे आणि तिथे तो कुणाच्या पायात येत नाही. सोफा समोरच्या भिंतीला टेकवलेला. मी बरोबर मधे बसतो. बाबांची आरामखुर्ची त्याच भिंतीला, पण उजव्या कोपऱ्यात, खिडकीजवळ.

बाबांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवलाय. आता हाताला कंप आहे, वाजवणं थांबलं. संध्याकाळी अभंग ऐकणं हेच त्यांचं सुख, आणि खरं तर ही सगळी खरेदी त्यांच्यासाठीच होती. पहिल्या दिवशी दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "उजव्या हाताचा 'ता' स्वच्छ येतोय. डाव्या हाताचं काय झालं? 'क' वाजला काय आणि 'घ' वाजला काय, सगळ्याला एकच बुम्. या पखवाजाला कणीक लावलीय की चिखल?" (पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे डाव्या पुडीला, भिजवलेली कणीक लावतात.) तेव्हापासून ते सब बंद करायला सांगतात.

मला मात्र उलटा अनुभव. सोफ्यावर बेस कमीच वाटतो. म्हणून मी वाढवतो, बाबा वैतागतात, आणि खालच्या काकूंच्या शोकेसच्या काचा वाजतात तो भाग वेगळा.

दुकानदार म्हणतो, १० इंची कमी पडतोय, १२ इंची घ्या, वॅट दुप्पट आहेत. पैसे साठवून घेईनही, पण त्याने बाबांची तक्रार जाईल का?

आत्ताचं सेटिंग : ए.व्ही.आर. मध्ये फ्रंट (पुढचे स्पीकर) 'लार्ज', म्हणजे त्यांचा खर्ज त्यांनीच वाजवायचा, सबवरचा क्रॉसओव्हरचा नॉब (कुठल्या सुराच्या खालचं सबने वाजवायचं ते) ६० वर, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश. ऑडिसी (माइक लावून खोली मोजणारी ए.व्ही.आर. मधली सोय) चालवलं तेव्हा सबची लेव्हल उणे १२ आली आणि अंतर ७.९ मीटर दाखवलं. टेपने मोजलं तर सव्वापाच भरतं, म्हणून मी ते हाताने बदललं. शिवाय सबमधून सतत बारीक 'घूंऽऽ' येतो.

खर्जातला_सा

गोदाकाठ, आधी एक विनंती. नवा सब घेऊ नका. निदान महिनाभर तरी नाही.

मी सांगली-मिरजेकडे नाट्यगृहांत आणि मंडपांत साउंड करतो, २२ वर्षं झाली. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे एकाच घरात एकाला घुमतं आणि दुसऱ्याला कमी पडतं. सब खराब असता तर तो दोघांनाही सारखाच खराब लागला असता. हे खोलीचं काम आहे.

गणित सोपं आहे. ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. तुमच्या लांबीचे ३३ हर्ट्झ, रुंदीचे ५१, उंचीचे साधारण ५९. या सुरांना तुमची खोली स्वतःच घुमते, घागरीत तोंड घालून 'ओ' म्हटल्यावर ती एका विशिष्ट सुराला घुमते तसं. त्यांच्या दुपटीलाही घुमते, म्हणजे लांबीचा ६६ आलाच. असा सूर भिंतीपाशी सर्वांत जोरात असतो. आणि पहिला सूर बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो.

आता तुमची बैठक बघा. तुम्ही ११ फुटांच्या बरोबर मधे बसता, म्हणजे ५१ तुमच्यासाठी मेलेला. बाबा कोपऱ्यात, तिथे ३३, ५१, ६६ सगळेच शिगेला. आणि सबही कोपऱ्यात, म्हणजे तो प्रत्येक सुराला पूर्ण जोर देतोय. तुम्हाला कमी वाटतं म्हणून तुम्ही वाढवता, ते सगळं बाबांच्या कानात जातं. डाव्या पुडीवरची उघडी थाप ('घ') आणि बंद थाप ('क') यांत फरक असतो तो आवाज किती लवकर थांबतो याचा. खोली थांबूच देत नसेल तर 'क' चा 'घ' होणारच. बाबांनी चिखल म्हटलं ते अगदी बरोबर. त्यांचा कान हा तुमच्याकडचा सर्वांत चांगला मीटर आहे, पुढची प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करा.

१२ इंची आणलात तर हेच सगळं मोठ्याने होईल. आणि दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे, ३ डेसिबल फक्त.

करायचं काय? सब उचलून बाबांच्या खुर्चीवर ठेवा. हो, खुर्चीवर. चालत्या बेसचं, म्हणजे खर्जाचे सूर एकामागून एक चढत-उतरत जाणारं, काहीतरी लावा आणि तुम्ही गुडघ्यांवर रांगत टीव्हीच्या भिंतीकडून फिरा, कान सबच्या उंचीला. जिथे प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या जोराने ऐकू येईल तिथे खूण करा. मग सब सोफ्यावर ठेवून तेच पुन्हा. दोन्ही वेळी चांगली निघालेली जागा ती सबची. माझा अंदाज, ती टीव्हीच्या भिंतीच्या मध्याजवळ निघेल, कारण रुंदीच्या मध्यावर सब ठेवला की ५१ ला जोरच मिळत नाही. सोफा आणि खुर्ची भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढता आली तर ६६ सुद्धा बराच उतरेल.

मग सेटिंग. फ्रंट 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८०. बुकशेल्फला 'लार्ज' ठेवलंत तर त्याच्या वाट्याचा खर्ज सबकडे जातच नाही. सबवरचा नॉब पूर्ण उघडा किंवा एल.एफ.ई. वर टाका, म्हणजे सबची स्वतःची गाळणी बंद. आत्ता ए.व्ही.आर. एक गाळणी लावतोय आणि सब ६० वर दुसरी, मधला भाग दोन्हीकडून कापला जातोय. ए.व्ही.आर. मधला एल.एफ.ई. चा (सिनेमातल्या वेगळ्या खर्जाच्या ट्रॅकचा) लो-पास, म्हणजे वरचे सूर गाळण्याची मर्यादा, १२० वरच राहू द्या. व्हॉल्यूम निम्म्याच्याही खाली आणून ऑडिसी पुन्हा चालवा. उणे १२ हे त्याच्या मोजपट्टीचं टोक आहे, म्हणजे त्याला अजून कमी करायचं होतं आणि जमलं नाही. माइक उशीवर नको, कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला हवा, आणि एक-दोन मोजण्या बाबांच्या खुर्चीशी घ्या.

आणि ते ७.९ मीटर परत तसंच करा. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला आवाज बाहेर काढायला जरा वेळ लागतो, तो वेळ ए.व्ही.आर. अंतर म्हणून धरतो. आकडा खोलीपेक्षा मोठा आला तरी बरोबर असतो. तुम्ही सव्वापाच केलंत तेव्हा सब आणि बुकशेल्फ यांची सम चुकली.

पिन_तीन

फक्त त्या 'घूं' बद्दल. मी नागपूरला वायरिंगची कामं करतो. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची जाड वायर काढून बघा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप आहे : केबलचं अर्थिंग एकीकडचं, तुमच्या घराचं दुसरीकडचं, आणि मधल्या फरकाचा ५० हर्ट्झ सबमध्ये ऐकू येतो. सब, ए.व्ही.आर. आणि टीव्ही एकाच बोर्डावरून घ्या. तरी राहिला तर केबलच्या वायरवर आयसोलेटर (दोन्हीकडच्या अर्थिंगचा संबंध तोडणारा जोड) लावा.

सबच्या प्लगची अर्थची पिन काढू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. घरात लहान मूल असेल तर नाहीच नाही. त्या पिनेवर माणसाचा जीव असतो.

एडिसनची_सुनीती

मी न्यू जर्सीत असते. दादा, तुम्ही नेटवर अमेरिकन रिव्ह्यू वाचून १२ इंचीकडे वळला असाल तर एक सांगते. इथल्या घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर ड्रायवॉल ठोकलेल्या, हॉल स्वयंपाकघरात उघडणारा. खर्ज भिंतीतून निघून जातो, उरलेला घरभर पसरतो. म्हणून इथे लोक मोठे सब घेतात. आईकडे ठाण्याला विटांच्या बंद खोलीत १० इंची सब ऐकला तेव्हा माझ्या इथल्या १२ इंचीपेक्षा भारी वाटला. वीट आणि काँक्रीट खर्ज आतच ठेवतात.

पुढे कधी घ्यायचाच झाला तर सील्ड (भोक नसलेला, बंद डब्याचा) बघा. पोर्टेड त्याच्या पोर्टच्या सुराखाली ऑक्टेव्हला (सप्तकाला) २४ डेसिबलने कोसळतो, सील्ड १२ ने हळूहळू उतरतो, आणि बंद छोट्या खोलीत खालच्या सुरांना खोलीचीच भर मिळते. डबाही लहान असतो. किंवा त्याच पैशात आत्ता आहे तसाच दुसरा १० इंची. हरमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी यावर बरंच काम केलंय : समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सब ठेवला की वेगवेगळ्या जागांवरचा फरक कमी होतो. तुमची अडचण नेमकी तीच आहे ना?

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी लागलो कामाला.

केबलची वायर काढली आणि 'घूं' त्याच क्षणी बंद. आयसोलेटर मागवलाय.

सब बाबांच्या खुर्चीवर ठेवला. माझे गुडघे टाइल्सवर दुखायला लागले म्हणून लेक पुढे झाली, ती नऊ वर्षांची. बाबांनी तिला समजावलं, "सूर पायऱ्या उतरल्यासारखा ऐकू आला पाहिजे, मधली एकही पायरी गायब नको आणि एकही उंच नको." ती रांगत गेली आणि जिथे आवडलं तिथे रांगोळीचा ठिपका टाकत गेली. खुर्चीच्या वेळी पांढरे, सोफ्याच्या वेळी गुलाबी. डाव्या कोपऱ्यात एकही ठिपका नाही. टीव्हीच्या खाली, मध्यापासून उजवीकडे वीतभर अंतरात दोन पांढरे आणि तीन गुलाबी. खर्जातला_सा, तुम्ही खोली न बघता सांगितलेली जागा हीच.

टीव्ही युनिट दीड फूट डावीकडे सरकवलं, सब तिथे बसला. सोफा सव्वादोन फूट पुढे आलाय. बायकोने आधी नको म्हटलं, मग मागच्या जागेत इस्त्रीचं टेबल उभं राहतं हे पाहून हो म्हणाली. खुर्ची तेवढी हलत नाही. बाबांना खिडकी हवी.

फोनवरच्या मीटरने ५१ चा टोन मोजला. फोनचा माइक खर्जाला कच्चा असतो हे माहीत आहे, पण दोन जागांमधला फरक तर कळतो. आधी खुर्चीत ८८ आणि सोफ्यावर ७१. आता ७७ आणि ७२. सबची लेव्हल उणे ४.५ आली. अंतर ७.२ मीटर दाखवतंय, हात लावलेला नाही.

संध्याकाळी अभंग लावले. बाबा डोळे मिटून बसले होते. तिसऱ्या अभंगाला त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर चालायला लागला, कंप होताच, पण थापा जागेवर पडत होत्या. मी काही विचारलं नाही. पुढच्या अभंगाच्या आधी तेच म्हणाले, "आता उघडा हात आणि बंद हात कळतोय. मधे एक सूर अजून फुगतो. कणीक जरा जास्त झालीय."

तो फुगणारा सूर कसा शोधू?

खर्जातला_सा

वाचून फार बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

३० पासून ९० पर्यंत एकेक हर्ट्झने टोन वाजवा, बाबांना खुर्चीत बसवा आणि जिथे ते हात वर करतील तो आकडा लिहा. खुर्ची कोपऱ्यातच राहिलीय, म्हणून ३३ किंवा ६६ असेल असं वाटतं. सबला स्वतःचा पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवा तोच सूर कमी-जास्त करणारी सोय) असेल तर तो सूर ३-४ डेसिबल कापा. फुगवटा कापता येतो. खड्डा मात्र भरायला जाऊ नका, सोफ्यावर ५१ कमी आहे तो तसाच राहू द्या, तिथे ताकद ओतलीत तर ती पुन्हा बाबांच्या कोपऱ्यात निघेल.

८० चा टोन लावून सबचं फेजचं बटण (सबची लाट पुढच्या स्पीकरांशी जुळवणारं) ० आणि १८० दोन्हीवर ऐका. जिथे जास्त भरीव येईल ते ठेवा.

काकूंच्या काचांसाठी सबखाली जाड रबराचे पॅड घाला. त्याने जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा खर्ज नाही. रात्री दहानंतर ए.व्ही.आर. मधलं डायनॅमिक रेंजचं सेटिंग (मोठ्या आणि बारीक आवाजांतला फरक कमी करणारं) चालू करा आणि सब ५ डेसिबल खाली घ्या.

गोदाकाठ

६६ वर हात वर झाला, दोनदा, ६५ आणि ६७ ला नाही. सबला इक्वलायझर नाही, म्हणून खुर्ची एक फूट पुढे घ्यायला बाबांना तयार केलंय. खिडकी तिथूनही दिसते. त्याच टोनला खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी खडखडते हेही सापडलं. तिच्या खाचेत रबर बसवायला उद्या माणूस येतोय. काकूंकडे पॅड घातल्यावर विचारून आलो, काचा वाजत नाहीत म्हणाल्या, मृदंग मात्र ऐकू येतो आणि तो राहू द्या म्हणाल्या.