मदत हवी आहे: पुराच्या आठवणी इंग्रजीत सांगताना सगळ्यांची दातखीळ बसते

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी चार-पाच बायका माझ्याकडे इंग्रजी बोलायची सवय करायला येतात. त्यातल्या माझ्या चुलत वहिनी पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी ह्यूस्टनला निघाल्यात. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेनचा मोसम, २०१७ साली हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडवलेलं. म्हटलं, हाच विषय घेऊ.

विषय रंगला. 'लँडफॉल' (वादळ किनाऱ्यावर धडकणं) ऐकून काकूंनी "दरड कोसळली का?" असं विचारलं. वादळाचा डोळा शांत आणि खरा तडाखा त्याच्या भोवतीच्या कड्यात, हे सांगितल्यावर एक जण म्हणाली, "म्हणजे आमच्या घरात सासरे."

घोडं अडलं ते पुढे. कतरिना वादळावर एक उतारा वाचून घेतला: २००५, न्यू ऑर्लिन्स, बंधारे फुटले, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली. मग म्हटलं, आता आपला २०२४च्या ऑगस्टचा पूर सांगा. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी चढलं ३५च्या वर, आणि मगरी वस्तीत! मराठीत (मध्येच गुजरातीत) कोणी थांबेना. इंग्रजीत मात्र: "वॉटर केम. वी वेन्ट अप. व्हेरी प्रॉब्लेम."

खरं सांगायचं तर मीही अडते. पाणी चढलं, शिरलं, तुंबलं, ओसरलं, या सगळ्याला माझ्याकडे 'केम' आणि 'वेन्ट' एवढंच भांडवल. 'वी वेअर इव्हॅक्युएटेड' म्हणावं, तर आम्हाला हलवलं कोणी? सतरंज्या नि शेगडी उचलून आपणच वरच्या बिऱ्हाडात गेलो. कतरिनाच्या वेळी 'रेफ्युजी' म्हटल्यावर तिथले लोक चिडले होते, आपल्याच देशात निर्वासित कसे म्हणून. मग आम्ही कोण?

शिवाय हरिकेनच्या इशाऱ्यांतले वॉच आणि वॉर्निंग. वहिनींच्या मते वॉच म्हणजे टीव्ही बघत बसा. कोणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १
ताई, वहिनींचं आधी. तिकडे हरिकेन वॉच म्हणजे वादळ येऊ शकतं. जोराचे वारे सुरू होण्याच्या अंदाजे ४८ तास आधी देतात. वॉर्निंग म्हणजे येणार असंच धरा, ३६ तास आधी. आपल्या हवामान खात्याची शिडी वेगळी: चक्रीवादळाचा अलर्ट ४८ तास आधी, वॉर्निंग २४. दोन्हींची सरमिसळ करू नका.

चढलं 'रोझ', शिरलं 'गॉट इन', ओसरलं 'वेन्ट डाउन'. 'रिसीडेड' बातम्यांत ऐकू येईल. तुंबलं याला एक शब्द शोधू नका, 'द वॉटर वुडन्ट ड्रेन' म्हणा. तुम्ही स्वतः वर गेलात ना? मग 'वी मूव्ह्ड अपस्टेअर्स'. आणि उतारे बाजूला ठेवा. एकीला ९११ची (तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर) ऑपरेटर करा, दुसरी पुरात अडकलेली. कुठे आहात, किती जण, पाणी कुठपर्यंत, कोणी आजारी आहे का. उत्तर आल्याशिवाय ऑपरेटरने फोन ठेवायचा नाही.

धागाकर्ती
आज करून पाहिलं. वहिनी ऑपरेटर. काकूंना पाणी कुठपर्यंत विचारलं, तर म्हणाल्या, "थर्ड स्टेप. अँड क्रोकोडाइल ऑन फर्स्ट." वहिनींनी फोन ठेवला.