वरच्या फ्लॅटमधून लिकेज, शेजारी ऐकतच नाहीत, काय करावं?

ठाणेकर_मी: आमच्या बाथरूमच्या सीलिंगमधून सहा महिने पाणी ठिबकतंय, प्लॅस्टरचे पोपडे पडले, वरच्या काकूंना तीनदा सांगितलं तर म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं आहे, आता बोलणंच बंद झालंय. सेक्रेटरी म्हणतात हा तुमचा आपसातला मॅटर. गणपतीत त्या नऊ दिवस कोकणात होत्या तेव्हाही ठिबकत होतंच. पोलीस कंप्लेंट करू का?

जुना_सेक्रेटरी: पोलीस नको, ते हात वर करतील. अंतर्गत लिकेज असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) खर्च संबंधित सभासदांचा, पण गच्ची किंवा कॉमन पाइपचं असेल तर सोसायटीचा, त्यामुळे सेक्रेटरींना हात झटकता येत नाहीत. कमिटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या (व्हॉट्सॲपवर नको, मेसेज वाद घालायला बरे, पुराव्याला पोच हवी). नाहीच ऐकलं तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय, पण तिथे वर्षं जातात.

कॉन्ट्रॅक्टर_भाऊ: ताई, कोर्टाचं राहू द्या, नऊ दिवसांचं सांगा. गावी जाताना त्यांनी फ्लॅटचा मेन कॉक बंद केला होता का? नहाणी ट्रॅपचं (बाथरूमच्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) लिकेज वापर थांबला की कमी होतं, कोब्यात (लाद्यांखालच्या भरावात) साठलेलं थोडे दिवस झिरपतं पण हळूहळू आटतं. कॉक बंद असून त्याच स्पीडने ठिबकत असेल तर आधी डक्टमधला (बिल्डिंगचे पाइप जातात ती उभी पोकळी) पाइप बघा.

ठाणेकर_मी: वरच्या काकांना, काकूंच्या मिस्टरांना, विचारलं, कॉक बंदच होता म्हणे. आणि हो, ठिबकणं अजिबात कमी झालं नव्हतं.

कॉन्ट्रॅक्टर_भाऊ: मग डक्टमध्ये माणूस उतरवाच, सेक्रेटरींसमोर. तिथे काही नाही सापडलं तर त्यांची जाळी बंद करून २४ तास पाणी साठवून टेस्ट करा, रंग टाकून.

ठाणेकर_मी: अपडेट. डक्टमधल्या डाउनटेक पाइपचा (गच्चीवरच्या टाकीतून खाली पाणी आणणारा) जॉइंट फुटलाय, पाणी भिंतीतून आमच्या स्लॅबला येतंय. सोसायटी करून देतेय, सीलिंगच्या प्लॅस्टरवरून अजून घासाघीस चालूच आहे. आता काकूंकडे कुठल्या तोंडाने जाऊ, सहा महिने जिन्यात दिसल्या तरी मी मोबाईलमध्ये डोकं घालत होते.

जुना_सेक्रेटरी: काकांनी कॉकचं सांगितलं ना, म्हणजे दार उघडं आहे. जा.