क्लाउड गेमिंग : वेग पुरेसा असूनही खेळ अडखळतो

प्रश्न
माझ्याकडे १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे आणि स्पीड टेस्टमध्ये जवळजवळ तेवढाच आकडा दिसतो. तरीही जीफोर्स नाउ या एनव्हिडियाच्या क्लाउड गेमिंग सेवेवर (खेळ त्यांच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे फक्त चित्र येते) खेळताना, विशेषतः रात्री घरातले सगळे आपापल्या फोनवर असतात तेव्हा, चित्र अचानक पुसट होते, आवाज तुटतो आणि बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलते. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत चित्रपट मात्र विनाअडथळा चालू असतो. लॅपटॉप वाय-फायवर आहे. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतल्यास फरक पडेल का?

प्रतिसाद १
प्लॅन बदलण्याची घाई करू नका. एनव्हिडियाच्या शिफारशीनुसार १०८०पी आणि सेकंदाला ६० फ्रेमसाठी (चित्रांसाठी) २५ एमबीपीएस पुरतात. तुमच्याकडे त्याच्या चौपट आहेत. चित्रपटाचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असल्यामुळे मधला खंड जाणवत नाही. खेळाची पुढची फ्रेम तुम्ही कोणते बटण दाबता यावर ठरते, त्यामुळे ती आधी पाठवून ठेवण्याची सोयच नसते, आणि प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. स्पीड टेस्टचा सरासरी आकडा असे क्षणिक खंड झाकून टाकतो.

दोष घरात आहे की बाहेर, हे आधी ठरवा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१) आणि दुसरीत ८.८.८.८ला (गुगलचा सार्वजनिक सर्व्हर) सतत पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो याची चाचणी, चालू ठेवा आणि मग खेळायला बसा. राउटरचाच पिंग उड्या मारत असेल, तर गडबड वाय-फायमध्ये आहे. तो स्थिर राहून फक्त बाहेरचा वाढत असेल, तर पुढे पाहू. हीच चाचणी लॅन केबल लावूनही करा.

प्रश्नकर्ता
दोन्ही चाचण्या केल्या. वाय-फायवर राउटरचा पिंग मधूनच ६० मिलिसेकंदांपर्यंत जातो, केबलवर तो १ मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर राहतो. मात्र केबलवरही बाहेरचा पिंग एरवी १८ असतो, आणि घरातला एखादा फोन फोटोंचा बॅकअप घेऊ लागला की ३०० च्या वर जातो.

प्रतिसाद २
म्हणजे दुखणी दोन आहेत, आणि दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. त्याला बफरब्लोट म्हणतात. बॅकअप सुरू झाला की अपलोडची वाट भरते आणि राउटर जादा पॅकेट (माहितीचे तुकडे) टाकून देण्याऐवजी आपल्या बफरमध्ये साठवत जातो. तुमच्या बटणाची माहिती अगदी चिमुकली असली तरी तिला त्या साठ्यामागे थांबावे लागते. मोठा प्लॅन घेतलात तर रांग लवकर सरेल, पण वाट भरणारे काही सुरू झाले की ती पुन्हा लागेलच.

यावर खरा इलाज एसक्यूएम, म्हणजे राउटरमधली ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय. राउटरमध्ये ही सोय असेल (ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीवर तिचे पॅकेज मिळते), तर केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांग हाताळण्याची पद्धत निवडा आणि डाउनलोड-अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या उपकरणात न लागता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते. खोक्यावर ठळक छापलेल्या ‘गेमिंग मोड’वर मात्र विसंबू नका, कित्येकदा तो नुसती प्राधान्याची यादी असतो. एसक्यूएम नसेल, तर खेळाच्या वेळेत बॅकअप थांबवणे हाच साधा मार्ग.

प्रतिसाद ३
वरच्या उत्तराशी सहमत आहे, पण वाय-फायचे दुखणे किरकोळ समजू नये. लॅपटॉप वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असेल, तर तिथे एकमेकांवर न येणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढे तीनच असतात, त्यांत शेजाऱ्यांचे राउटर आणि आपलेच ब्लूटूथ. ५ गिगाहर्ट्झवर जा, पण शक्यतो ३६ ते ४८ मधले चॅनेल निवडा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसाठीही वापरले जातात. रडारचा संकेत मिळताच राउटरला ते सोडावे लागतात आणि खेळ मध्येच तुटतो. केबल कायमची ओढता येत असेल, तर अर्थातच हा सगळा खटाटोप वाचेल.

प्रश्नकर्ता
राउटरमध्ये एसक्यूएम नाही. तूर्त बॅकअप पहाटेच्या वेळेवर लावून केबलने खेळलो. बाहेरचा पिंग २५ च्या पुढे गेला नाही आणि चित्रही स्वच्छ राहिले. प्लॅन आहे तोच ठेवतो, राउटर मात्र बदलणार आहे.