नफ्यातली कंपनी फंडवाल्यांना का नको असते?

त्रैराशिक:
ओळखीतली एक कंपनी आहे, पुण्यातलीच. छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. वर्षाची विक्री ४ कोटी, नफा बरा, कर्ज नाही. तीन व्हेंचर फंडांनी (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्यांनी) नकार दिला. मालक संतापलाय: "तोट्यातल्यांवर पैसे उधळतात आणि आम्हाला विचारत नाहीत!" माझं मत असं की फंडवाल्यांचं बरोबर होतं. शिव्या घालण्याआधी हिशेब बघा.

१०० कोटींचा फंड धरा. पैसे फंडवाल्याचे नसतात, दुसऱ्यांचे असतात. सेबीच्या नियमानुसार अशा फंडात एकेकाला साधारण किमान १ कोटी टाकावे लागतात. ही मंडळी दहा वर्षांत तिप्पट तरी मागणार, नाहीतर त्यांना शेअर बाजार आहेच. फंड २५ कंपन्यांत पैसे घालतो. निम्म्या बुडतात, काही जेमतेम मुद्दल देतात. सगळा भार एकदोघींवर. सुरुवातीला १५ टक्के हिस्सा घेतला तर पुढच्या फेऱ्यांत (नवे गुंतवणूकदार आले, नवे शेअर निघाले की) तो घसरत १० वर येतो. म्हणजे एकाच कंपनीने सगळा फंड वसूल करून द्यायचा तर ती १,००० कोटींची व्हायला हवी.

आता आपली ४ कोटींची कंपनी. दरवर्षी २० टक्के वाढली तर आठ वर्षांत विक्री १७ कोटी. विक्रीच्या पाचपट भाव मिळाला तरी ८५-९० कोटी, फंडाच्या वाट्याला त्यातले नऊ. मालकाच्या सात पिढ्या सुखी, १०० कोटींच्या फंडाला मात्र त्याने काही होत नाही.

वाढीचा हट्ट येतो तो इथून. स्टार्टअपना सुरुवातीचे पैसे देणाऱ्या अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरच्या पॉल ग्रॅहमनी २०१२ साली लिहिलं होतं की सुरुवातीला आठवड्याला ५ ते ७ टक्के वाढ चांगली. ५ टक्के म्हणजे वर्षाला साडेबारा पट, ७ म्हणजे जवळपास ३४ पट! दवाखान्यांचं सॉफ्टवेअर या वेगाने विकलं जात नाही, त्यात कोणाचाच दोष नाही.

कोल्हापुरी_रोखठोक:
हिशेब चोख आहे. फक्त तो फंडाचा आहे. २५ पैकी निम्म्या बुडणार हे त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. संस्थापकाकडे कंपनी एकच.

टायनीआउल आठवतंय? आयआयटी मुंबईची पोरं, घरपोच जेवणाचं अ‍ॅप, मागे सिकोया, मॅट्रिक्स, नेक्सससारखे मोठे फंड. पैसा आला तसा शहरांमागून शहरं उघडली, माणसं भरली. २०१५ च्या नोव्हेंबरात कपात झाली तेव्हा पुण्याच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांनी संस्थापकाला अडवून ठेवलं, हिशेब चुकता करा म्हणून. पुढच्या वर्षी कंपनी दुसरीत विलीन. एका शहरात नीट बसवून मग पुढे गेले असते तर? पण तेवढा दम धरायला फंडाच्या गणितात जागाच नाही.

त्रैराशिक:
जागा नाही हेच तर म्हणतोय. मग त्या गणितात शिरू नका. कानाला बंदूक लावून टर्मशीटवर (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर) सही कोणी घेत नाही.

नगरची_पोर:
"शिरू नका" म्हणणं सोपं आहे. घरात भांडवल नसलेल्याने जायचं कुठे? मी आधी बँकेत गेले होते. सरकारी हमीचं विनातारण कर्ज कागदावर आहे. शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न, "वडिलांच्या नावावर काय आहे?" एका एंजलने, म्हणजे स्वतःच्या खिशातून गुंतवणाऱ्याने, पैसे दिले, हिस्सा घेतला. कंपनी बुडाली असती तर त्याचे पैसे गेले असते, आमचं घर नाही. हा फरक किती मोठा आहे ते ज्यांच्या घरचा प्लॉट कधी गहाण पडलेला नाही त्यांना कळणार नाही.

कोल्हापुरी_रोखठोक:
ताई, मुद्दा रास्त. पण अँटीव्हायरसवाली क्विक हील बघा. रहिमतपूरच्या कैलाश काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, सिकोयाचे ६० कोटी घेतले ते २०१० साली, धंदा पक्का बसल्यावर. २०१६ ला शेअर बाजारात. शेअर दलालीतली झेरोधा आणि सॉफ्टवेअरवाली झोहो तर बाहेरच्या पैशाविनाच वाढल्या.

त्रैराशिक:
क्विक हीलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते बाल्यावस्थेतलं फंडिंग नव्हतंच. आणि झेरोधाकडे पहिल्या ग्राहकापासून दलाली येत होती. ज्यात आधी दोन वर्षं नुसतं बनवत बसावं लागतं, त्याचं काय? फ्लिपकार्टमध्ये अ‍ॅक्सेल या फंडाने सुरुवातीला टाकले ते १० लाख डॉलरच्या घरात. २०१८ ला वॉलमार्टने ७७ टक्क्यांसाठी १,६०० कोटी डॉलर मोजले. गोदामं आणि डिलिव्हरीचं जाळं नफ्यातून उभं करायचं म्हटलं असतं तर अजून पुस्तकंच विकत बसले असते.

बाकावरचा:
त्या ४ कोटीवाल्यांकडे जागा आहे का हो? पगार वेळेवर होत असेल ना?

ईसॉपग्रस्त:
संस्थापक आणि फंड यांचंच चाललंय. नोकरदारांचं कोण बोलणार? आमच्या कंपनीत (नाव नको) फंडांचे ८० कोटी आले होते. विकली गेली ५० ला. करारात लिहिलेलं की विक्री झाली तर आधी गुंतवणूकदारांचं मुद्दल. ५० च्या ५० तिकडे गेले आणि पगार कमी घेऊन जमवलेले आमचे ईसॉप (कर्मचाऱ्यांना मिळणारा कंपनीच्या शेअरचा हक्क) शून्य. हे कलम जवळपास प्रत्येक टर्मशीटमध्ये असतं, जॉइन होताना एचआर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ईसॉप मिळणार असतील तर आधी विचारा, आत्तापर्यंत किती पैसे उभारले आणि कंपनी कितीला विकली गेली तर आमच्या हाती काही पडेल.

त्रैराशिक:
यावर वाद नाही. संस्थापकांनीही एक विचारावं: तुमचा फंड कितव्या वर्षात आहे? दुसऱ्या वर्षातला फंड थांबू शकतो. सातव्यातल्याला विकायची घाई असते, मग तुमची कंपनी तयार असो वा नसो.

कोल्हापुरी_रोखठोक:
आणि फी? वर्षाला २ टक्के, म्हणजे १०० कोटींवर दहा वर्षांत २० कोटींपर्यंत, फंड बुडाला तरी. नफ्यातले २० टक्के वेगळे.

त्रैराशिक:
बुडाला तर पुढच्या फंडाला पैसे कोण देईल?

कोल्हापुरी_रोखठोक:
बुडाला हे कळेपर्यंत थांबतं कोण! पुढचा फंड तीन-चार वर्षांत उभा राहतो. तोवर खरी विक्री क्वचितच झालेली असते, दाखवायला असतं ते कागदावरचं मूल्यांकन. ते वाढतं कधी? पुढची फेरी चढ्या भावाने झाली की. म्हणून पहिल्या वर्षापासून "पुढची फेरी कधी?" हा धोशा. बायजूज २०२२ ला २,२०० कोटी डॉलरची होती, कागदावर. २०२४ ला तिच्यातल्या मोठ्या गुंतवणूकदाराने, प्रोससने, आपला सगळा हिस्सा शून्य धरला. मधल्या काळात त्या कागदी आकड्यावर कोणी कोणी आपापले पुढचे फंड उभारले, ते शोधा.

नगरची_पोर:
त्यांनी उभारले असतील. माझ्या १८ महिन्यांच्या पगारांची सोय त्याच पैशातून झाली, बँकेतून नाही. पुढची फेरी मी घेतली नाही आणि एंजल अजून रागावलेला आहे.