'लेव्हायथन वेक्स' वाचतोय, पण जहाजात 'खाली' म्हणजे नेमकं कुठे?

पानगळ:
विज्ञानकथा वर्षाकाठी एखाददुसरी, तीही बहुतेक नारळीकर-फोंडके यांच्या वळणाची. आता जेम्स एस. ए. कोरी यांची 'लेव्हायथन वेक्स' हातात आहे. ९ प्रकरणं झाली. भाषा जड नाही, तरी गाडी अडतेय ती अशी:

१. अवकाशजहाज मध्येच उलटं फिरतं, माणसं जमिनीवर चालतात, मग एकदम तरंगतात. चित्र डोळ्यांसमोर उभं राहत नाही.
२. नावं फार. प्रस्तावनेतली मुलगी कुठे गेली?
३. ही मालिका ('द एक्सपान्स') ९ पुस्तकांची आहे म्हणे. सगळी वाचावीच लागतात का?
४. आधी मालिका पडद्यावर पाहून घेतली तर सोपं जाईल का?

कथानक फोडू नका, एवढी विनंती.

कक्षाभ्रष्ट:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की अर्धं पुस्तक सुटतं, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

जहाज म्हणजे विमान किंवा बोट, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. ही जहाजं उभ्या इमारतीसारखी बांधलेली आहेत. इंजिन तळघरात, त्यावर एकावर एक मजले, चालकाची जागा गच्चीच्या बाजूला. इंजिन मागून ढकलतं तेव्हा फरशी तुमच्या पायांवर दाबते, आणि तेच तिथलं वजन. म्हणजे 'खाली' नेहमी इंजिनाकडे. इंजिन बंद झालं की वजन गेलं, माणसं तरंगू लागली. पण जहाज थांबलेलं नसतं. ते आधीच्याच वेगाने चाललेलं असतं. नवा वाचक सर्वात जास्त इथेच फसतो.

आता उलटं फिरणं. अवकाशात ब्रेक नाही. त्यामुळे निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग इंजिन बंद करून जहाज १८० अंशांत फिरवायचं आणि उरलेली वाट इंजिन मुक्कामाच्या दिशेने पेटवून वेग कमी करायचा. फिरवतानाचा थोडा वेळ सोडला तर प्रवाशाला दोन्ही टप्प्यांत 'खाली' तीच फरशी लागते.

आकड्यांत बघा. पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट, म्हणजे साधारण ३० कोटी किलोमीटर जायचंय. पृथ्वीवरच्या वजनाच्या एक तृतीयांश इतका जोर सतत लावला तर सुमारे ७ दिवस लागतात. जोर तिप्पट केला तर वेळ एक तृतीयांश होत नाही, ४ दिवसांवर येतो, कारण वेळ जोराच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो. म्हणून पाठलागात कोणी ३ दिवस वाचवायला निघाला की सगळ्यांच्या हाडांवर पडणारा भार तिपटीने वाढतो. जेल भरलेल्या खुर्च्या आणि टोचली जाणारी औषधं येतात ती ह्यासाठी.

सीरिसवर (मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला सर्वात मोठा गोल) मात्र उलटा प्रकार. तिथलं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकं, म्हणून लेखकांनी तो अख्खा गोल गरगर फिरवून पृथ्वीच्या ०.३ पट वजन निर्माण केलंय. माणसं आत, बोगद्यांत राहतात. पाय बाहेर आकाशाकडे, डोकं केंद्राकडे. केंद्राजवळ वजन कमी. (प्रत्यक्षात सीरिस ह्या वेगाने फिरवला तर तो टिकणारच नाही. साधारण ४२ मिनिटांत एक फेरी पडते. खरा सीरिस ९ तास घेतो. ही लेखकांची सूट आहे, ती देऊन टाकावी.) इंजिनाची अफाट कार्यक्षमता हीसुद्धा तशीच सूट. तिच्यामागचं विज्ञान शोधत बसू नका, पुस्तकात ते नाही.

बुकमार्क:
वरच्यांनी भौतिकी सांगितली, मी वाचण्याची रीत सांगते.

नावं पाठ करू नका. ५५ प्रकरणं आहेत, विषम क्रमांकाची होल्डनची, सम क्रमांकाची मिलरची, आणि नाव प्रकरणाच्या डोक्यावरच छापलेलं. दोघांचे धागे निम्म्याच्या जरा आधी एकमेकांना भेटतात, तोवर ही दोन वेगळी पुस्तकं समजा. होल्डनचं पुस्तक जहाजावरच्या माणसांचं, मिलरचं सरळ गुप्तहेरकथेचं: थकलेला पोलीस, श्रीमंत बापाची बेपत्ता मुलगी. ती मुलगी म्हणजेच प्रस्तावनेतली ज्युली माओ. दुसऱ्याच प्रकरणात हे कळतं, त्यामुळे हे कथानक फोडणं नव्हे.

बुकमार्क म्हणून कोरा कागद ठेवा आणि त्यावर तीन रकाने आखा: पृथ्वी, मंगळ, पट्टा (म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणारे). नवं नाव आलं की ते कोणत्या रकान्यात जातं तेवढंच लिहा. हुद्दा, जहाजाचा प्रकार काही नको. आणि त्या रकान्यांखाली एकच ओळ: कोणाकडे काय नाही. पट्ट्याकडे हवा-पाणी नाही. मंगळाकडे चांगलं आरमार आहे, पण स्वतःचं आकाश नाही. पृथ्वीकडे माणसं जास्त आणि कामं कमी. पहिलं प्रकरण सुरू होतं तेच शनीच्या कड्यांतून बर्फ वाहणाऱ्या जहाजापासून. पिण्याचं पाणी, त्यातूनच ऑक्सिजन. टँकर कोणाच्या हातात ह्यावर गावातलं राजकारण कसं फिरतं हे आपल्याला वेगळं समजवायला नको.

पट्ट्यातल्यांची भाषा अडली तर शब्दकोश शोधू नका, पुस्तकात तो दिलेला नाही. बंबैया हिंदीसारखी खिचडी आहे, संदर्भाने कळते. ते हातवारे मोठमोठे करतात, कारण अवकाशपोशाखात चेहरा दिसत नाही.

नाव विसरलात म्हणून चाहत्यांचा विकी मात्र उघडू नका. पात्राच्या पानावर पहिल्याच ओळीत तो जिवंत आहे की मेला हे लिहिलेलं असतं.

तिरकस:
कागद-रकाने वगैरे म्हणजे परीक्षेची तयारी झाली. नावं विसरली तर विसरू द्यात, महत्त्वाचं नाव ४० पानांत परत येतंच.

खरी अडचण अपेक्षेची आहे. आपल्याकडची विज्ञानकथा बहुधा एका कल्पनेवर उभी असते आणि शेवटी त्या कल्पनेचा उलगडा होतो. इथे तसा उलगडा शोधत बसलात तर ३०० पानं नुसती पळापळ वाटेल. 'स्पेस ऑपेरा' हा शब्दच विल्सन टकर यांनी १९४१ साली टिंगल म्हणून काढला, रेडिओवरच्या 'सोप ऑपेरा'च्या चालीवर. पुढे ती शिवी राहिली नाही, पण स्वभाव तोच: मोठा पट, मोठे गट, माणसांचे हट्ट.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, संदेशाला लागणारा वेळ. पृथ्वी ते मंगळ ३ ते २२ मिनिटं, पृथ्वी ते सीरिस साधारण १५ ते ३० मिनिटं. म्हणून संवाद होत नाही, पत्रव्यवहार होतो. एकदा सोडलेला संदेश मागे घेता येत नाही, आणि खुलासा पोचेपर्यंत तिकडे तोफा सज्ज झालेल्या असतात. 'हे लोक एकमेकांना सरळ विचारत का नाहीत?' असं वाटलं की हे आठवायचं.

आणि हो, मध्यानंतर किळसवाणा भाग आहे. जेवताना वाचू नका.

पानगळ:
@कक्षाभ्रष्ट, तळघर आणि गच्चीने काम झालं. मग पाठलागातलं जहाज मुक्कामाजवळ येताना इंजिनाची ज्वाळा पुढच्या बाजूला असते का? आणि ३ व ४ राहिले.

कक्षाभ्रष्ट:
बरोबर, ज्वाळा मुक्कामाकडे. म्हणून येणारं जहाज फार लांबून दिसतं आणि तिथले लोक दिवस मोजत बसतात. लपूनछपून येणं जवळजवळ अशक्य. जे जहाज दिसत नाही, ते का दिसत नाही हा मग गंभीर प्रश्न होतो. पुढे वाचा.

बुकमार्क:
चौथा आधी. पाहायची असेल तर पुस्तक संपल्यावर पाहा. पहिल्या सीझनमध्ये हे पुस्तक संपत नाही, उरलेला भाग दुसऱ्यात जातो. उलट पडदा आधी पाहिलेले पुस्तकात अवसरलाबाईंची (पृथ्वीवरच्या मुरब्बी राजकारणी) वाट बघत बसतात. त्या पडद्यावर पहिल्या भागापासून आहेत, कादंबरीत मात्र थेट दुसऱ्या पुस्तकात (२०१२) येतात.

तिसरा: पहिलं पुस्तक (२०११) एकटं वाचून थांबता येतं, शोध आणि संकट दोन्ही मार्गी लागतात. पुढे गेलात तर तिसऱ्यानंतर किंवा सहाव्यानंतर थांबा. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये कथेत सुमारे ३० वर्षं जातात, तिथे आपोआप पायरी आहे. शेवटचं २०२१ मध्ये आलं.

हे सगळ्या मालिकांना लागू नाही. डॅन सिमन्स यांची 'हायपेरियन' (१९८९) घेणार असाल तर दुसरा भाग सोबतच घ्या, पहिला ऐन मोक्यावर थांबतो. आणि इयन बँक्स यांच्या 'कल्चर' मालिकेला 'द प्लेयर ऑफ गेम्स'पासून हात घाला. ते प्रकाशनक्रमाने दुसरं आहे, पण पहिलं न वाचता काही अडत नाही.