गडद निळ्या गाडीवर वॅक्स कोणते लावावे, आणि पावसाळ्यापूर्वी की नंतर?

कोथरूडकर:
माझी गडद निळी गाडी तीन वर्षांची झाली असून ती सोसायटीत उघड्यावर, जांभळाच्या झाडाखाली उभी असते. मे-जूनमध्ये वरून जांभळे पडतात, पक्ष्यांची विष्ठा वर्षभर असतेच, आणि धुण्यासाठी मिळणाऱ्या बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके बॉनेटवर उठून दिसतात. गाडी पुसणारे काका रोज पहाटे एकाच बादलीत आठ-दहा गाड्या उरकतात. मागच्या रविवारी मी डबीतले वॅक्स आणून हौसेने लावले; पण बॉनेटवर धुरकट पट्टे राहिले, बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग बसले आणि दुसऱ्या दिवशी धूळ पूर्वीइतकीच होती. दुकानदार आता सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक संरक्षक थराचा, आग्रह धरतो आहे. वॅक्सने गाडी खरोखर स्वच्छ राहते का, राहत असल्यास कोणते घ्यावे आणि कधी लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रविवारची बादली:
वॅक्समुळे धूळ बसायची थांबत नाही. बसलेली धूळ, चिखल किंवा जांभळाचा रस रंगाला घट्ट धरून राहत नाही आणि धुताना सहज सुटतो, एवढेच त्याचे काम आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी धूळ दिसली म्हणून वॅक्स वाया गेले असे समजू नये. पक्ष्यांच्या विष्ठेच्या बाबतीतही वॅक्स तुम्हाला थोडा जास्त अवधी मिळवून देते, अभय देत नाही. वाळलेली विष्ठा कधीही खरवडू नये. ओला कपडा त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावा, ती मऊ झाली की वरच्या वर उचलून घ्यावी.

तुमच्या वर्णनातील खरा शत्रू मात्र ती बादली आहे. दहा गाड्यांची माती ज्या फडक्यात आहे, ते कोरड्या धुळीवर रोज फिरवणे म्हणजे अत्यंत बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. संध्याकाळी दिव्याखाली बॉनेटकडे तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील, आणि गडद रंगावर ते अधिकच दिसतात. काकांना फक्त काचा पुसायला सांगा, पैसे मात्र पूर्वीइतकेच द्या. मी हे केले, तेव्हा त्यांना माझ्या डोक्याविषयी शंका आली होती. आता सवय झाली आहे.

लावण्याच्या पद्धतीविषयी: गाडी आधी गाडीच्याच शाम्पूने धुवावी, कारण भांड्यांचा साबण आधीचे वॅक्स धुऊन काढतो. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि दुसरी हातमोजा खळबळून घेण्यासाठी साध्या पाण्याची. बोअरचे पाणी अंगावर वाळू न देता लगेच टिपून घ्यावे. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून अलगद हात फिरवावा. रवाळ लागले तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले बारीक कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी, भरपूर ओलाव्यासह हलक्या हाताने फिरवावा लागेल. क्ले बारचा तुकडा जमिनीवर पडला तर फेकून द्यावा, धुऊन पुन्हा वापरू नये. त्यानंतरच वॅक्स, तेही सावलीत आणि पत्रा हाताला गार लागत असताना. एका वेळी एकच भाग घेऊन, दिसेल न दिसेल इतका पातळ थर द्यावा. बोट ओढून पाहिल्यावर खालचा रंग स्वच्छ दिसला आणि वॅक्स फासले गेले नाही, तर ते पुसण्याजोगे झाले असे समजावे. तुमचे धुरकट पट्टे बहुधा जाड थरामुळे किंवा तापलेल्या पत्र्यामुळे राहिले असावेत.

खारा वारा:
वरील पद्धतीशी सहमत आहे, निवडीविषयी भर घालतो. कार्नोबा हे ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण असून गडद रंगावर त्याची झळाळी सुरेख दिसते, परंतु उघड्यावर उभ्या गाडीवर ते एक-दोन महिन्यांपलीकडे टिकल्याचे मी पाहिलेले नाही. आमच्याकडे मालवणात खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ अशी दुहेरी अडचण असल्याने मी सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच लावायचा पण कृत्रिम संरक्षक थर, वापरतो, ते चार-पाच महिने साथ देते. झळाळी किंचित कमी वाटेल. जांभळाखाली उभ्या गाडीला तिचा तसाही फारसा उपयोग नाही. मेच्या अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या आधी एकदा लावावे. खंडेनवमीला बॉनेटवर कुंकवाने काढलेले स्वस्तिक नंतर विनासायास निघते, हा माझा वैयक्तिक लाभ.

गॅरेजचा माणूस:
वॅक्स, पॉलिश आणि रबिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की गाडी आमच्याकडे येते. वॅक्स वर थर देते; पॉलिश आणि रबिंग गाडीचा मूळचा वरचा थर घासून कमी करतात. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. दर दिवाळीला रबिंग मारून घेणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. नव्याने रंगवलेल्या भागावर निदान महिनाभर वॅक्स लावू नये, रंग पूर्ण सुकू द्यावा. मॅट रंगावर तर साधे वॅक्स कधीच नको.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही, ते वॅक्सपेक्षा पुष्कळ टिकते. परंतु आधी ओरखडे पॉलिशने काढावे लागतात, नाहीतर तेच ओरखडे कोटिंगखाली कायम राहतात, आणि बोअरच्या पाण्याचे ठिपके त्यावरही पडतात. बादलीचा प्रश्न सुटल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत, हे मी गिऱ्हाईक गमावूनही सांगतो. सध्याच्या पांढऱ्या ठिपक्यांवर साधे पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून सावलीत लावावे, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवावे. त्याने वॅक्सही उतरते, म्हणून हे काम वॅक्सच्या आधी करावे.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. पिशवीत हात घालून पाहिले. छत आणि बॉनेट अक्षरशः रव्यासारखे लागले, दरवाजे गुळगुळीत होते. सिंथेटिक सीलंट मागवले आहे. प्लास्टिकवरचे पांढरे डाग मात्र दोनदा धुऊनही गेलेले नाहीत.

गॅरेजचा माणूस:
प्लास्टिकच्या रवाळ पृष्ठभागात सुकलेले वॅक्स अडकले आहे, फडक्याने ते निघणार नाही. कोमट पाण्यात शाम्पू घालून मऊ टूथब्रशने घासा. तरीही राहिले तर पेन्सिलीचे खोडरबर चालवा. पुढच्या वेळी वॅक्स उघडण्यापूर्वी प्लास्टिकच्या कडांना रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी.